खुलासा : ‘द लॅडर’ हे पहिलं नियतकालिक नव्हे

‘अमेरिकेतलं पहिलं लेस्बियन नियतकालिक म्हणजे १९५६ साली सॅन फ्रान्सिस्कोत निघालेलं ‘द लॅडर’’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. ‘द लॅडर’ हे देशभर पोहोचलेलं असं पहिलं नियतकालिक, एवढं म्हणणं बरोबर. ‘डॉटर्स ऑफ बिलिटिस’ या लेस्बियन स्त्रियांच्या संघटनेनं ते काढलं आणि १९७२ पर्यंत ते चाललं.

त्याच्या नऊ वर्षं आधी, जून १९४७ मध्ये, लॉस एंजेलिसमध्ये ‘व्हाइस व्हर्सा’ निघालं होतं. आरकेओ या चित्रपट स्टुडिओत सेक्रेटरी असलेली एडिथ आयडी ऑफिसातल्याच टाइपरायटरवर अंक टाइप करायची. कागदांच्या मध्ये कार्बन घालायचे, पुन्हा सगळं पहिल्यापासून टाइप करायचं, तेव्हा कुठे दहा-बारा प्रती व्हायच्या. सुरुवातीला तिनं त्या टपालानं पाठवल्या. अश्लीलतेच्या कायद्याखाली अटक होईल, असं मैत्रिणीनं बजावल्यावर ती अंक हातोहात देऊ लागली. वाचून झाला की पुढच्या बाईला द्यायचा, फेकायचा नाही. फेब्रुवारी १९४८ पर्यंत असे नऊ अंक निघाले. ‘लेस्बियन’ शब्दातली इंग्रजी अक्षरं फिरवून तिनं पुढे ‘लिसा बेन’ हे टोपणनाव घेतलं. एकटीनं केलेलं हे काम पहिलेपणाच्या यादीतून गळावं, याचं मला फार वाईट वाटतं.

हाच मजकूर काही जण ‘जगातलं पहिलं’ म्हणूनही पाठवताहेत. तेही चूक : बर्लिनमध्ये ‘डी फ्रॉइंडिन’ हे लेस्बियन नियतकालिक १९२४ सालीच सुरू झालं होतं.