‘क्राउन’ला मराठीत एकच शब्द? काऊन बाप्पा?

नागपूरच्या आमच्या महाल भागातल्या जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच फॉरवर्ड तीनदा आला, तिन्ही वेळा वेगवेगळ्या माणसांकडून. म्हणजे तो चांगलाच फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: इंग्रजीतला ‘क्राउन’ आपल्या ‘किरीट’वरूनच गेला, किरीट, मुकुट, मौली सगळे एकच, ‘ताज’ हा अरबी शब्द, तो मराठीतून हाकला पाहिजे, आणि इंग्रजांनी त्या एका शब्दाचे वीस अर्थ केले, आपल्याकडे मात्र मुकुटाशिवाय काही नाही. शेवटी ‘मराठीच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवायचा असेल तर पुढे पाठवा’. खाली एकानं फक्त ‘काऊन?’ लिहिलं होतं. (नागपूरबाहेरच्यांसाठी: काऊन म्हणजे का.) माझं तेवढ्यावर भागेना.

आधी किरीट. क्राउन इंग्रजीत आला तो जुन्या फ्रेंचमधून. फ्रेंचांनी तो लॅटिन ‘कोरोना’वरून घेतला, आणि लॅटिनमध्ये तो ग्रीकमधून आला, तिथे त्याचा अर्थ वळलेली, वाकलेली वस्तू. लॅटिनमधला कोरोना मुळात सोन्याचा नव्हताच, ते पानाफुलांचं कडं होतं. लढाईत आपल्या नागरिकाचा जीव वाचवणाऱ्या रोमन माणसाला ओकच्या पानांचं असं कडं मिळायचं. ज्या कोरोनानं २०२० साली आपल्याला घरात बसवलं तोही हाच शब्द: विषाणूभोवतीची किनार सूर्याच्या प्रभामंडळासारखी दिसली, म्हणून १९६८ साली त्या कुळाला हे नाव मिळालं. या वाटेवर किरीट कुठेच भेटत नाही. नुसत्या आवाजावर जायचं तर क्राउनला किरीटापेक्षा आमचं काऊन जवळचं आहे.

किरीट, मुकुट, मौली एकच, हे मात्र अर्धं खरं. अमरकोश मुकुट आणि किरीट शेजारी शेजारी ठेवतो. पण तोच कोश मौलीचे तीन अर्थ देतो: शेंडी, किरीट आणि बांधलेले केस. मूर्तिशास्त्र त्याहून काटेकोर आहे. विष्णूला उंच, निमुळता किरीटमुकुट. शंकराला जटांचाच जटामुकुट. आणि डब्यांवर डबे रचल्यासारखा दिसणारा तो करंडमुकुट. ‘किरीटी’ म्हटलं की ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला अर्जुनच दिसतो, दुसरा कुठला मुकुटधारी राजा नाही. ‘मुकुटी’ म्हणून कोणी त्याला हाक मारली नाही. मूर्तिकारांच्या चितार ओळीत गणपती आणायला गेलात तर मुकुटवाला हवा की फेटेवाला, हे आधी सांगावं लागतं. ‘डोक्यावर काहीतरी असलेला द्या’ म्हणून चालत नाही.

आता ताज. तो मुळात अरबी नाही. फारसी आहे, अरबांनीच तो फारसीतून उचलला. ‘ताजा’शीही त्याचा संबंध नाही, तो वेगळा शब्द. आणि नागपुरात बसून ताज हाकलायचा म्हणजे नेमकं काय करायचं? कामठीत १८६१ साली जन्मलेले सूफी संत बाबा ताजुद्दीन, ज्यांच्या नावाचाच अर्थ ‘धर्माचा ताज’, त्यांना वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून शक्करदऱ्याला आपल्या वाड्यावर आणलं ते राजे रघुजीराव भोसल्यांनी. बाबांनी १९२५ साली देह ठेवला. आज मोठा ताजबाग, छोटा ताजबाग म्हटलं की ऑटोवाल्याला पत्ता विचारावा लागत नाही, आणि उरुसाला जाणारे सगळेच काही मुसलमान नसतात. भोसल्यांना जो शब्द खपला तो आमच्या ग्रुप अ‍ॅडमिनला खुपतोय.

बरं, फॉरवर्ड पाठवणाऱ्यानं स्वतःचं शेवटचं वाक्य तरी वाचायचं. ‘शिरपेच’ म्हणजे फारसी ‘सरपेच’, डोक्याला बांधायचं. आपण त्यातल्या ‘सर’चं ‘शिर’ करून त्याला घरचा केला. ‘तुरा’ही फारसीच्याच हातून आलेला. उरला मान. तो तेवढा संस्कृत.

खरी मजा शेवटच्या मुद्द्यात आहे. मराठीत एकच शब्द म्हणे! इंग्रजीत क्राउन म्हणजे राजसत्ताही, कारण तिथे राजेपणाची खूणच मुकुट. आपल्याकडे राजा होतो तो अभिषेकानं, पाणी शिंपडून. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि शिवाजी महाराज छत्रपती झाले. मुकुटपती असा शब्दही कोणाच्या डोक्यात आला नाही. सत्तेची खूण छत्र, सिंहासन, गादी. नागपूरकर भोसल्यांचा किताब तर ‘सेनासाहेब सुभा’, डोईला पगडी, आणि वारसाहक्काचं भांडण झालं तर ते गादीवरून. तिसरे रघुजी १८५३ मध्ये वारस न ठेवता गेले, तेव्हा पुढच्याच वर्षी कंपनीनं राज्य खालसा केलं. हे ‘खालसा’ बघा: थेट सरकारच्या ताब्यातली जमीन, इंग्रजीत जिला क्राउनची जमीन म्हणतात तीच. कंपनी जाऊन १८५८ मध्ये राणीचं राज्य आलं, म्हणजे इंग्रजीत क्राउनचं. लोक म्हणाले, सरकार. १८६२ पासून रुपयावर व्हिक्टोरियाच्या डोक्यावर मुकुट स्पष्ट दिसत होता, तरी लोकांनी त्याला मुकुटछाप म्हटलं नाही, राणीछाप म्हटलं. १ जानेवारी १८७७ ला ती सम्राज्ञी झाली, त्याच दिवशी जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. नाव सम्राज्ञीचं, मुकुटाचं नाही. आपला मुकुट सत्तेसाठी वापरला जातो तो बहुधा काटेरी असतो, आणि नव्या मुख्यमंत्र्याच्या बातमीत असतो.

उलट ज्याला राज्य नाही त्याच्याही डोक्याची सोय मराठीनं केली आहे. नवरदेवाला बाशिंग. पोळ्याला बैलालाही बाशिंग, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळ्यात पोरांच्या लाकडी बैलालाही कोणीतरी हौसेनं चिकटवतंच. महापालिकेची निवडणूक लागायच्या आत ज्यांच्या गुडघ्याला ते बांधलेलं असतं, त्यांची नावं सांगत नाही, तुमच्या वॉर्डातही असतीलच.

राहिले किरकोळ अर्थ. सीताबर्डीच्या टेकडीचा माथा, झाडाचा डेरा (म्हणून तर डेरेदार), अननसाचा तुरा, घड्याळाची चावी, सोड्याच्या बाटलीचं झाकण: इंग्रजीत हे सगळे क्राउन.

आणि दात. परवा आमच्या आजीला घेऊन रूट कॅनलला गेलो होतो. डॉक्टर तरुण, पुण्याकडचा.

“आजी, यावर आता क्राउन बसवावा लागेल.”

“काऊन?”

“हो, क्राउन.”

“अरे पन काऊन?”

दोनदा असं झाल्यावर मी मध्ये पडलो, कॅप म्हणताहेत आजी, दात फुटू नये म्हणून.

“मंग कॅप म्हन ना बाप्पा,” आजी म्हणाली आणि तोंड उघडून बसली.