‘आम्ही धपाटे खाऊन घडलो’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कुटुंबाच्या ग्रुपांवर एक मेसेज वरचेवर फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, सूर तोच. “आमच्या लहानपणी रडलो तर आणखी एक धपाटा मिळायचा. ‘बाळा, तुला काय वाटतंय’ असं कुणी विचारलं नाही, तरी आम्ही घडलोच ना? आता पोरांना भावनांची नावं शिकवतात आणि दोन मार्क कमी पडले की पोरं कोलमडतात. ही पाश्चात्त्य थेरं सोडा, शिस्त लावा.” खाली काका-मामांचे अंगठे. यातला एकेक दावा घेऊ.

“कुणी विचारलं नाही, तरी आम्ही घडलो.” घडलात, मान्य. पण धपाट्यामुळे घडलात की धपाटे खाऊनसुद्धा, हे त्या वाक्यातून कळत नाही. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या संशोधकांनी २०१६ साली मुलांना मारण्याविषयीचे ७५ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत मिळून १ लाख ६० हजारांवर मुलं होती. बेदम मार बाजूला ठेवून त्यांनी साधी चापटच पाहिली. तिच्याशी जोडलेली दिसली ती आक्रमकता, आई-वडिलांशी बिघडलेलं नातं, मनाच्या तक्रारी. एकत्र येणं म्हणजे कारण असणं नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. पण चापटीने मूल सुधारतं असंही त्या एवढ्या ढिगातून एकंदरीत दिसलं नाही.

आणि ‘कुणी विचारलं नाही’ हे तरी कितपत खरं? मेसेज लिहिणारा आजीला विसरलाय. धपाटा देणारी आई एक, आणि मागच्या दारी कुशीत घेऊन “काय झालं रे माझ्या राजाला, कुणी मारलं?” म्हणणारी आजी किंवा आत्या दुसरी. भरल्या घरात ही वाटणी आपोआप व्हायची. मोठ्यांनाही मन मोकळं करायला जागा होती. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सासुरवास, माहेरची ओढ, भावावरचा रुसवा, लेकीची काळजी असं सगळं त्यांत उघड बोललेलं आहे, आणि मांडीवर डोकं टेकून पेंगणारं पोर ते ऐकत असे. आता जातं गेलं, आजी गावी राहिली, दोन खोल्यांत आई-वडील आणि एक मूल उरलं. विचारणारं माणूसच घरातून कमी झालं, तर ते काम आई-बापांनी उचलण्यात ‘थेर’ कसलं?

“नाव दिलं की भावना वाढते.” मेसेजमध्ये हे सरळ लिहिलेलं नसतं, पण बोलण्यात हमखास येतं. २००७ मध्ये मॅथ्यू लिबरमन या संशोधकाच्या गटाने लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून मेंदूचं चित्रण केलं. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द लावला की अमिग्डाला हा भीतीसारख्या भावनांना प्रतिसाद देणारा मेंदूतला भाग कमी चाळवलेला दिसला. दडपण्याचा परिणाम याच्या उलट. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी १९९७ च्या प्रयोगात काहींना दुःखद चित्रफीत बघताना चेहऱ्यावर काहीही दिसू देऊ नका असं सांगितलं. चेहरे शांत राहिले, दुःख तेवढंच राहिलं, आणि शरीरावरचा ताण मात्र वाढला. हे प्रयोग मोठ्यांवरचे आहेत. पण सोमवारी सकाळी नेमकं शाळेच्या वेळी ज्याचं पोट दुखतं, असं मूल कुणी पाहिलं नाही? ते नेहमी खोटं बोलत नसतं. पोट खरंच दुखतं. ‘मला भीती वाटतेय’ हे वाक्य त्याच्याकडे अजून नसतं, एवढंच.

इथे मेसेजवाल्यांच्या पदरात थोडं मापही टाकायला हवं. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांमध्ये सजगतेच्या (माइंडफुलनेस, म्हणजे आपल्या मनात आत्ता काय चाललंय याकडे शांतपणे लक्ष देण्याच्या) वर्गांची मोठी चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आले आणि नेहमीच्या शिकवणीपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. सरसकट वर्ग घेऊन, तक्ते भरून घेऊन हे होत नसावं. फ्रिजवर हसऱ्या-रडव्या चेहऱ्यांचा तक्ता लावून सकाळ-संध्याकाळ “आज कसं वाटतंय?” विचारणाऱ्या पालकांचा मलाही कंटाळा येतो. मुलांनाही येत असणार.

“पोरगा असून रडतो?” या नेहमीच्या टोमण्याला उत्तर एका ओळीचं आहे. रडू, भीती, लाज सगळं बंद केलं की पोराकडे वापरायला एकच परवानगी असलेली भावना उरते, राग, आणि मग तोच अंगावर येतो म्हणून आपण तक्रार करतो.

“पाश्चात्त्य थेरं.” गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी नूतन बालशिक्षण संघ काढला १९२६ साली. भीती आणि शिक्षेशिवाय मूल शिकतं, हे ते तेव्हापासून सांगत होते. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. आदिवासी पाड्यांवरची बालवाडी म्हणजे काही अमेरिकेहून आलेली फॅशन नव्हे.

“दोन मार्क कमी पडले की कोलमडतात.” मार्कांवर जीव टांगायला त्यांना भावनांच्या नावांनी शिकवलं नाही. ते निकालाच्या दिवशी “किती टक्के?” विचारणाऱ्यांनी शिकवलं.

“शिस्त लावा.” खरा घोळ इथे आहे. भावना मान्य करणं म्हणजे वागणं मान्य करणं, असं गृहीत धरलंय. धाकटीने चित्र फाडलं म्हणून सहा वर्षांच्या दादाने तिला ढकललं, तर आधी हात धरायचा आणि म्हणायचं, “ढकलायचं नाही.” मग, “चित्र फाटलं म्हणून राग आला ना?” राग चालेल, ढकलणं चालणार नाही. शिस्त त्या पहिल्या वाक्यात पुरेपूर आहे. मोबाइल काढून घेतल्यावर मूल थयथयाट करतं तेव्हाही “वाईट वाटतंय, कळतं मला” म्हणता येतं आणि मोबाइल कपाटातच ठेवता येतो. नेमकं हेच लोकांना जमत नाही. समजून घेतलं की मोबाइल परत देतात, नाहीतर मोबाइल देत नाहीत आणि वर ओरडतात.

वेळही बघावी लागते. मूल जमिनीवर लोळत असताना व्याख्यान देऊन उपयोग नाही. आधी ते शांत होऊ दे, पाणी पिऊ दे. नंतर अंदाज करायचा, डॉक्टरासारखं निदान करायचं नाही. “राग आला होता का?” “नाही, सगळे हसले.” म्हणजे ते ओशाळलं होतं, आणि आपण रागावर बोलत बसलो होतो. आपला चुकलेला अंदाज त्याला दुरुस्त करू द्यावा. खट्टू, हिरमुसला, धास्तावला, हेवा वाटला, कानकोंडं झालं, असे शब्द घरात मोठ्यांच्या तोंडी असले की मूल ते उचलतं. “मी ऑफिसातून वैतागून आलेय, तुझ्यावर चिडलेली नाही, दहा मिनिटं दे मला,” हे आईने म्हणणं हासुद्धा धडाच आहे, आणि बाबांनाही तो द्यायला हरकत नाही.