लेकीला लिहायला शिकवू नका, असं कुठल्याही खऱ्या हदीसमध्ये नाही

मुस्लिम घरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. वर ठळक अक्षरात 'मुस्लिम वालिदैनसाठी जरूरी पैगाम', म्हणजे आई-वडिलांसाठी महत्त्वाचा निरोप. लिहिणाऱ्याचं नाव नाही, मदरशाचं नाव नाही, कुठल्या मौलानांची सही नाही. माझ्याकडे तो आपाकडून, म्हणजे थोरल्या बहिणीकडून, आला आणि खाली तिचा प्रश्न होता, "हे वाच आणि सांग, धाकटीचा अकरावीचा फॉर्म भरू की थांबू?" मुलगी दहावीला उत्तम मार्कांनी पास झाली आहे. तिला पुढं शिकवायचं की नाही, असा प्रश्न आमच्या घरात आजवर कुणाला पडला नव्हता. तो एका निनावी मेसेजनं पाडला, म्हणून आपाला दिलेलं उत्तर सगळ्यांसमोर मांडतेय.

मेसेजमधलं म्हणणं थोडक्यात असं. खरा इल्म (ज्ञान) म्हणजे फक्त दीनी (धार्मिक) इल्म, शाळा-कॉलेजातली तालीम हा पोटापाण्याचा हुनर, त्यात सवाब (पुण्य) नाही. गैरमुस्लिम शिक्षकांकडून शिकलं की ईमान (श्रद्धा) कमजोर होतं. शाळेत अखलाक (चांगलं वागणं) शिकवत नाहीत, मदरशातलं मूल मात्र अदबशीर निघतं. मुलीला कुराण वाचता आलं की पुरे, आणि याला हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या नोंदलेल्या वचनाचा, आधार. थोर आलिमांच्या (धर्मपंडितांच्या) आया तरी कुठं शिकल्या होत्या? हिफ्ज (कुराण तोंडपाठ) करायचा तर शाळा सोडावीच लागते. शेवटी, वीस जणांना पाठवा, सवाब मिळेल.

क्रमानं जात नाही. सगळ्यात जास्त नुकसान करणारा मुद्दा आधी घेते.

मेसेजमधली हदीस अशी: 'बायकांना वरच्या मजल्यावर ठेवू नका, त्यांना लिहायला शिकवू नका, सूत कातायला आणि सूरह नूर (कुराणातला एक अध्याय) शिकवा.' रिवायत (कथन) पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांच्या नावावर, हवाला हाकिम यांच्या मुस्तद्रक या हदीससंग्रहाचा. हवाला खोटा नाही. मुस्तद्रकमध्ये ही रिवायत आहे आणि हाकिम यांनी तिला सहीह, म्हणजे अस्सल, म्हटलंय, हेही खरं. मेसेज लिहिणारा इथं थांबला. पण हाकिम यांच्या या संग्रहाची छाननी पुढचे हदीसतज्ज्ञ इमाम जहबींनी केली, आणि मुस्तद्रकच्या छापील आवृत्त्यांत जहबींचे शेरे बहुधा त्याच पानावर खाली दिलेले असतात. या हदीसखाली जहबी लिहितात की ही सहीह नाही, मौजू आहे, म्हणजे रचलेली. दोष कुणाचा तेही ते सांगतात: सनदेतला (सांगणाऱ्यांच्या साखळीतला) अब्दुल वहाब नावाचा रावी (सांगणारा), ज्याला हदीसतज्ज्ञ अबू हातिम यांनी कज्जाब, म्हणजे महाखोटारडा, ठरवलंय. हीच रिवायत आणखी एका सनदेनं येते, ती इब्नुल जौजी या आलिमांनी बनावट हदीसच्या यादीत टाकली. ज्यानं हा हवाला पहिल्यांदा दिला, त्याच्यासमोर मुस्तद्रकचं पान असेल तर त्यानं वरची ओळ उचलली आणि खालची सोडली. पान समोर नसेल तर न बघता पैगंबरांच्या नावानं वाक्य खपवलं. दोन्ही गोष्टी सारख्याच गंभीर आहेत.

आता याच्या विरुद्ध काय आहे ते बघा. सुनन अबू दाऊद या हदीससंग्रहात शिफा बिन्त अब्दुल्लाह सांगतात: मी हफ्सांकडे बसले होते, पैगंबर (स.) आले आणि मला म्हणाले की तू हिला लिहायला शिकवलंस, तसा तो फोडांवरचा दम (वाचून फुंकायचा उपचार) का शिकवत नाहीस? शिकवणारी बाई, शिकणारी पैगंबरांची पत्नी, शिकण्याची गोष्ट लिहिणं, आणि पैगंबर त्याला नाव ठेवत नाहीत, उलट आणखी एक गोष्ट शिकव म्हणतात. बिहारचे आलिम शम्सुल हक अजीमाबादी (निधन १९११) यांनी अबू दाऊदवर मोठं भाष्य लिहिलं. मुलींना लिहायला शिकवणं जायज (धर्मसंमत) आहे, एवढ्याच विषयावर त्यांनी वेगळी पुस्तिकाही लिहिली. म्हणजे ही रचलेली हदीस तेव्हाही फिरत होती आणि तिचं उत्तर आपल्याच देशात शंभर वर्षांपूर्वी दिलं गेलंय.

आणि ज्यांच्या नावावर ही हदीस खपवली जाते त्या हजरत आयेशा? त्यांच्याकडून दोन हजारांहून अधिक हदीस आल्या आहेत. इमाम बुखारींच्या अल-अदबुल मुफरद या हदीससंग्रहात त्यांच्या भाचीची, आयेशा बिन्त तल्हाची, आठवण नोंदलेली आहे. ती मावशीच्या देखरेखीत राहायची. गावोगावचे लोक तिला पत्रं लिहायचे, भेटी पाठवायचे. ती मावशीला म्हणायची, "खाला, हे अमक्याचं पत्र आणि त्याची भेट." त्या म्हणायच्या, "बेटी, त्याला उत्तर दे आणि भेटीची परतफेड कर." घरातली मुलगी परगावच्या लोकांना पत्रोत्तरं लिहितेय आणि हजरत आयेशा तिला तसं सांगताहेत. त्यांनीच मुलींना लिहायला शिकवू नका असं सांगितलं, यावर विश्वास ठेवायचा तर आधी ही रिवायत खोडून दाखवा.

'आया कुठं शिकल्या होत्या' हा मुद्दा याच्याच पोटातला. अकराव्या शतकात मक्केत करीमा अल-मरवजिया ही बाई सहीह बुखारी हा हदीससंग्रह शिकवायची. खतीब बगदादींसारखा मोठा आलिम त्यांच्याकडे बसून ती शिकला. लखनौच्या नदवा या मदरशात शिकलेले डॉ. मुहम्मद अकरम नदवी यांनी हदीस शिकवणाऱ्या आणि सांगणाऱ्या स्त्रियांचा अरबी चरित्रकोश केला. २०२१ मध्ये तो ४३ खंडांत छापला गेला आणि त्यात सुमारे दहा हजार नावं आहेत. माझ्या मते या मुद्द्यावर आणखी बोलायची गरजच उरत नाही. तरी आपल्याकडचं एक सांगते. १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठ झालं, तेव्हा त्याच्या पहिल्या कुलपती भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम होत्या.

आता 'इल्म म्हणजे फक्त दीनी इल्म'. यावर मी इमाम गजालींच्या बाहेर जाणार नाही, कारण मेसेजवाले स्वतःच त्यांचं नाव घेतात. त्यांच्या एह्या या ग्रंथाच्या अगदी पहिल्या भागात, इल्मच्या प्रकरणात, गजाली वैद्यक आणि हिशेबाचं गणित फर्ज-ए-किफाया, म्हणजे सगळ्या समाजावरचं कर्तव्य, ठरवतात. वस्तीत कुणीच ते शिकलं नाही तर सगळी वस्ती गुन्हेगार. शेती, विणकाम, शिवणकाम यांनाही ते त्याच रांगेत बसवतात. मग ते चिडून लिहितात की कितीतरी गावांत गैरमुस्लिम सोडून एकही वैद्य नाही आणि सगळे धावताहेत फिकहच्या (धर्मकायद्याच्या) वादविवादांमागे. कारण त्यातून काजीपद मिळतं, वक्फचा कारभार हाती येतो. नऊशे वर्षांपूर्वीची ही तक्रार वाचून मेसेज लिहिणाऱ्यानं सांगावं की डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीला सवाब नाही, हे त्याला कुणी सांगितलं.

गैरमुस्लिम शिक्षकांचा मुद्दा दोन ओळींत संपतो. बद्रच्या लढाईनंतर ज्या कैद्यांकडे खंडणीला पैसे नव्हते, त्यांची सुटका अन्सारांच्या (मदिनेतल्या मुस्लिमांच्या) मुलांना लिहायला शिकवण्याच्या बदल्यात झाली, असं मुस्नद अहमद या हदीससंग्रहात आहे. ते कैदी मुश्रिक (मूर्तिपूजक) होते, कालपर्यंत तलवार घेऊन समोर उभे होते. पैगंबरांचे साथी जैद बिन साबित यांना तर पैगंबरांनी यहुद्यांची लिपी शिकायला सांगितली आणि ते पंधरा दिवसांत शिकले. हे तिर्मिजीच्या हदीससंग्रहात आहे.

इथं आपल्या बाजूच्या लोकांनाही एक सांगायचंय. असा मेसेज आला की उत्तरादाखल लगेच 'इल्मसाठी चीनला जा' ही हदीस टाकली जाते. टाकू नका. तिची सनद टिकत नाही, इब्नुल जौजींनी तीही रचलेल्यांत मोजली आहे. खोट्या हदीसला उत्तर म्हणून दुसरी पडकी हदीस देण्याची वेळ आपल्यावर आलेली नाही.

अखलाकच्या मुद्द्यात मात्र अर्धं खरं आहे, ते कबूल करावं लागतं. शाळेत मूल्यशिक्षणाचा तास म्हणजे बहुतेक वेळा राहिलेलं गणित पुरं करायचा तास. मार्क आणि क्लास यांच्यापुढं मूल खरं बोलतं का, दुबळ्याशी कसं वागतं, याची विचारपूस कुणी करत नाही. मदरशात उस्तादासमोर बसण्याची, वडीलधाऱ्यांना सलाम करण्याची शिस्त लागते, आणि चांगल्या उस्तादाकडे शिकलेलं मूल वेगळं ओळखू येतं. पण यावरून मदरशातलं मूल सच्चं निघतंच, असं होत नाही. आपल्यापैकी कितीजण सबक (धडा) चुकला म्हणून छडी खात कुराण शिकले, हे प्रत्येकानं मनाशी आठवावं. इतिहासकार इब्न खल्दून (१३३२–१४०६) यांनी मुकद्दिमा या ग्रंथात यावर अख्खं प्रकरण लिहिलंय. मारझोडीत वाढलेलं मूल आळशी होतं, खोटं बोलायला शिकतं, मनात एक आणि तोंडावर एक ठेवायला शिकतं, कारण मार चुकवायचा तेवढाच मार्ग त्याच्यापुढं असतो. आणि पुढं हीच त्याची सवय आणि स्वभाव होतो, असं ते म्हणतात. पुढं त्यांनी खलिफा हारून रशीद यांनी मुलाच्या उस्तादाला केलेली नसीहत दिली आहे: एक घटकाही काही न शिकवता जाऊ देऊ नका, पण त्याचं मन मरेल इतकी सक्तीही करू नका. म्हणजे अखलाक शाळेच्या किंवा मदरशाच्या पाटीवरून येत नाहीत, शिकवणारा मुलाशी कसा वागतो यावर ठरतात. पोराच्या वागण्याची काळजी असेल तर दोन्हीकडच्या उस्तादांना जाऊन भेटा. एक जागा बंद केल्यानं दुसरीकडचे दोष जात नाहीत.

आणि शाळा बंद केल्यावर काय होतं, त्याचा आकडा आपल्याकडे आहे. मुस्लिमांच्या स्थितीवरच्या २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार ६ ते १४ वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे २५ टक्के एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मध्येच बाहेर पडली होती. त्याच अहवालात शालेय वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पूर्णवेळ मदरशात जाणारी अवघी ३-४ टक्के आहेत. म्हणजे शाळा सुटलेली बहुसंख्य मुलं मदरशातही नव्हती. दीनी तालीम नाही आणि दुनियावीही नाही. मुलगे गॅरेजवर आणि मुली घरी. हा मेसेज ज्यांच्या हातात पडतोय, त्यातले पुष्कळ आई-वडील आधीच या उंबरठ्यावर उभे आहेत.

राहिला हिफ्जचा मुद्दा. पूर्ण हिफ्जला वेळ लागतो, काही मुलांची शाळेची एक-दोन वर्षं त्यात जातात आणि ती नंतर भरून काढता येतात. पण मेसेजमध्ये हिफ्जच्या नावाखाली सगळ्याच मुलांची शाळा सोडवली आहे. केरळात गावोगावचे मदरसे सकाळी शाळेच्या आधी भरतात, मुलं तिथून शाळेत जातात. मुलीही जातात. आपल्याकडेही मकतब (कुराण शिकवणारे वर्ग) पहाटे किंवा असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजनंतर चालतातच. नाजरा (कुराण बघून वाचणं), तजवीद (उच्चार) आणि मसाइल (धर्माचे नियम) त्यात होतात. आपाला मी एवढंच लिहिलं: फॉर्मची तारीख शनिवारी संपतेय, उद्याच भर, आणि मकतबची वेळ सकाळची करून घे.