स्टँड कुठाय?

मडगार्ड मागितले, तर दुकानदार म्हणाला, "एवढ्या देखण्या सायकलचा टांगा नका करू." जुलैतली ६०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी; मुदत ४० तास. मागच्या चाकाचा चिखल रात्रभर चड्डीत मुरला की पुढे काय सोलवटतं, ते याला कोण सांगणार? बरं, फ्रेमला मडगार्डची भोकंच नाहीत आणि २५ मिलिमीटरच्या वर रुंद टायर शिरत नाही. मला ३२ चा हवा, साठ-पासष्ट पीएसआय हवेच्या दाबावर चालणारा.

तेवढ्यात नातवाच्या सायकलीत हवा भरायला आलेले एक काका सरसावले.

"केवढ्याची?"

"पंच्याऐंशी हजार."

"स्टँड कुठाय?"

"नसतो. त्याचा चाप पातळ नळीला चेपतो."

"घंटी?"

"वेगळी घ्यायची."

"कॅरिअर?"

"बसत नाही."

"म्हणजे नसलेल्याचेच पैसे." काकांनी सीटवर अंगठा दाबला. अंगठा दुखला असावा. "ह्या पाटावर चाळीस तास?"

मऊ सीटमध्ये बुडाची हाडं रुततात, मधल्या नसा दबतात आणि नको तिथे मुंग्या येतात, हे मी शक्य तितक्या सभ्य भाषेत समजावलं. नातू फार लक्ष देऊन ऐकत होता.

"आणि दिवा?"

बॅटरीचा दिवा पहाटे तीनला मान टाकतो, म्हणून पुढच्या चाकाच्या हबमध्येच डायनॅमो, ६ व्होल्ट ३ वॅट. त्यासाठी अख्खं चाक नव्याने विणायचं.

"डायनॅमो? आमच्या दूधवाल्याच्या सायकलला होता की!"

होता. हाच तर संताप आहे. मडगार्ड, कॅरिअर, चामड्याची सीट, पुढे ३२ नि मागे ४० तारा, सगळं त्या काळ्या सायकलीला होतं. आता तेच एकेक करून सोन्याच्या भावाने गोळा करायचं. समोरच्या या देखण्या बाईंच्या चाकात तारा वीस. एक तुटली की चाक लचकतं, ब्रेकला घासतं, आणि तुम्ही शिरवळला बसची वाट बघता. दूधवाल्याकडे फक्त गिअर नव्हते. पण इथे तरी कुठे आहेत? सगळ्यात हलका गिअर म्हणजे पुढच्या चक्राला ३६ दाते, मागच्याला २८. साडेचारशे किलोमीटर झाल्यावर खंबाटकीच्या घाटात गुडघे जाब विचारतात. ३४ ला ३४ हवेत: पायांचा एक फेरा, चाकाचा एक फेरा.

"हवा तरी भरता येते का हिच्यात?"

व्हॉल्व्ह प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाचा. हायवेवरच्या पंक्चरवाल्याचं नोझल त्यावर बसतच नाही. पितळेचं बोटाच्या पेराएवढं अडॅप्टर लागतं. दुकानदार तीन ड्रॉवर उपसून म्हणाला, "संपलंय."

काका निघाले. जाताना नातवाच्या सायकलची घंटी वाजवली. दोनदा.