‘उन्हाळी लागलीय’ म्हणू नका, जे होतंय तेच सांगा

खोकला आला, शिंक आली, जोरात हसू फुटलं, भरलेली कळशी उचलली की लघवी सुटते. कधी चार थेंब, कधी परकर भिजेपर्यंत. चाळिशीपुढच्या कितीतरी बायकांना हे होतं, पहिल्या बाळंतपणानंतर पंचविशीतल्या मुलींनाही होतं. पण दवाखान्यात तोंड उघडलं की तक्रार बदलते. ‘उन्हाळी लागलीय’, ‘अशक्तपणा वाटतो’, ‘ओटीपोट जड वाटतं’.

डॉक्टरांना जे सांगाल त्यावरच ते पुढे जाणार. उन्हाळी म्हटलं की जंतुसंसर्ग धरून अँटिबायोटिक, अशक्तपणा म्हटलं की टॉनिक आणि सलाईन. गळती जिथल्या तिथे. असं दोनदा झालं की ‘औषधांनी काही फरक पडत नाही’ असं मनात पक्कं बसतं आणि दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढलं जातं. या आजारात सगळ्यात जास्त नुकसान करतं ते हे पहिलं चुकीचं वाक्य, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आधी वाक्य: ‘मॅडम, खोकलं-शिंकलं की माझी लघवी होते. दोन वर्षं झाली. दिवसाला दोन पॅड भिजतात.’ काय केल्यावर होतं, किती दिवसांपासून, किती भिजतं. एवढ्या तीन गोष्टींवर निम्मं निदान होतं.

बोलवत नसेल तर कागदावर लिहून चिठ्ठी पुढे करा. केसपेपर काढताना रांगेसमोर कुणी ‘काय होतंय?’ विचारलं तर ‘लघवीची तक्रार आहे, आत सांगते’ एवढं पुरे. नवरा किंवा मुलगा सोबत असेल तर त्याला बाहेर थांबायला सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. सरकारी दवाखान्यातही तपासायला बाई डॉक्टर मागता येतात, पुरुष डॉक्टर असतील तर सिस्टरना आत थांबायला सांगता येतं.

आता हे का होतं, ते बघू. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि शौचाचा मार्ग या झोळीवर तोललेले असतात. बाळंतपणात ती ताणली जाते, पाळी गेल्यावर तिथलं अस्तर पातळ होतं, वजन, जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठतेतलं कुंथणं तिच्यावर रोज भार टाकतं. झोळी सैल पडली की खोकल्याचा दाब वरून येतो तेव्हा लघवीच्या नळीला खालून आधार मिळत नाही. हा झाला दाबाने होणारा प्रकार.

दुसरा प्रकार वेगळा. कळ अचानक येते आणि मोरीपर्यंत पोचेपर्यंत आवरत नाही. दाराचं कुलूप उघडताना, नळाच्या पाण्याचा आवाज ऐकून सुटते. इथे पिशवीचा स्नायूच अवेळी आकुंचन पावतो. पुष्कळ बायकांना दोन्ही प्रकार एकत्र असतात. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, म्हणून ‘लघवी होते’ एवढ्यावर थांबू नका. दाबाने की कळ येऊन, हे सांगा.

डॉक्टरकडे जाण्याआधी घरी एक काम करायचं, आणि माझ्या मते ते निम्म्या तपासण्यांपेक्षा मोलाचं आहे. तीन दिवस नोंद ठेवायची. वहीच्या पानावर चार रकाने: वेळ, किती प्यायलं, किती लघवी झाली, कधी आणि काय करताना सुटली. पाण्याचा पेला साधारण 200 मिलीचा धरा, चहाचा कप 100 ते 150 चा. लघवी मोजायला प्लॅस्टिकचा मापाचा मग घ्या, नाहीतर एक लिटरची जुनी बाटली वरून कापून तिच्यात 100-100 मिली पाणी ओतत मार्करने रेघा मारा. तीनही दिवस सलग असायला हवेत असं नाही, पण एक दिवस कामाचा आणि एक घरातला असावा.

ही वही फार बोलते. दिवसात सात-आठ वेळा, दर वेळी 250-300 मिली, हे सामान्य आहे. चौदा वेळा आणि दर वेळी 80-100 मिली असेल तर पिशवी भरायच्या आतच कळ येतेय. चोवीस तासांची बेरीज तीन लिटरच्या आसपास जात असेल तर पिशवीआधी रक्तातली साखर बघायला हवी. आणि रात्रीची लघवी चोवीस तासांच्या एकूण लघवीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त असेल, संध्याकाळी पायांना सूज येत असेल, तर डॉक्टर हृदयाकडे, झोपेतल्या घोरण्याकडे आणि संध्याकाळी घेतलेल्या गोळ्यांकडे वळतील. या शेवटच्या बाबतीत बहुतेकदा लघवीच्या पिशवीचा दोष नसतो.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. रक्तदाबासाठी दिलेल्या रामिप्रिल किंवा एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला होतो, तो खोकलाच गळती वाढवतो. रक्तदाबाच्याच प्राझोसिन गोळीने लघवीच्या नळीचं तोंड सैल होतं. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात, त्यामुळे लघवी वाढते आणि बाहेरच्या जागी बुरशीची खाज येऊ शकते. लॅसिक्ससारखी लघवी वाढवणारी गोळी कधी घेता, यानेही फरक पडतो. यातलं काहीही स्वतःहून बंद करायचं नाही. फक्त दाखवायचं आणि बदलता येईल का हे विचारायचं.

तपासणीच्या दिवशी एक चूक हमखास होते. नंबर यायच्या आधी, ‘आत लाज नको’ म्हणून बाई बाथरूमला जाऊन येते. मग टेबलावर झोपवून खोकायला सांगतात तेव्हा काहीच दिसत नाही. ही खोकल्याची चाचणी पिशवीत बऱ्यापैकी लघवी असतानाच करतात. तेव्हा जाऊ नका, धरून ठेवा. टेबलावर लघवी सुटली तर तोच पुरावा असतो. डॉक्टरांना तो हवाच असतो.

लघवीची तपासणी सगळ्यांनाच सांगतात आणि नमुना घेण्यातच ती बिघडते. बाहेरची जागा साध्या पाण्याने धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली धार डबीत घ्या, शेवटची पुन्हा सोडा. डबीच्या किंवा झाकणाच्या आत बोट लागू देऊ नका. दोन तासांत लॅबमध्ये पोचवा, जमत नसेल तर डबी झाकण लावून, पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवा. कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) सांगितलं असेल तर त्याआधी घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेऊ नका, त्या दोन गोळ्यांनी जंतू असूनही उगवत नाहीत. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, तेवढा धीर धरा.

सोनोग्राफीत लघवी करण्याआधी आणि केल्यानंतर पिशवीत किती उरतं ते मोजतात. उरलेलं 50 मिलीच्या आत असेल तर उत्तम. 150-200 च्या वर वारंवार उरत असेल तर पिशवी रिकामी होत नाही, आणि गळती भरून वाहण्याची असू शकते. पण सेंटरवर ‘पाणी प्या, थांबा’ करत तास-दीड तास फुगवून ठेवलेली पिशवी एका दमात रिकामी होत नाही, आणि उरलेलं उगीचच जास्त दिसतं. आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा लघवीला जाऊन येते, परत मोजा, असं म्हणा. त्याचे वेगळे पैसे कुणी मागू नयेत.

उपचारांत पहिला नंबर व्यायामाचा. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी 1948 मध्ये हा व्यायाम मांडला आणि आजही दाबाच्या गळतीवर हाच पहिला उपचार आहे. पण ‘आकुंचन करा’ एवढं तोंडी सांगून घरी पाठवलं तर अनेक बायका आत ओढण्याऐवजी खाली जोर लावतात, म्हणजे नेमकं उलटं करतात.

उताणं झोपा, गुडघे वाकवा. वारा आणि लघवी दोन्ही एकाच वेळी अडवायचंय अशी कल्पना करून आतून वर ओढा. एक हात पोटावर ठेवा. पोट, मांड्या, नितंब सैलच राहिले पाहिजेत. श्वास धरला जातोय का हे कळायला आकडे मोठ्याने मोजा, मोजता येत असेल तर श्वास चालू आहे. सुरुवातीला तीन सेकंद धरा, सहा सेकंद सोडा. असं आठ ते दहा वेळा, मग दहा झटपट आकुंचनं. दिवसातून तीनदा. हळूहळू धरायचा वेळ दहा सेकंदांपर्यंत न्या. नीट होतंय का हे हातातल्या आरशात दिसतं: योनी आणि शौचाच्या जागेमधला भाग आत खेचला जायला हवा. बाहेर फुगत असेल तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टकडून किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांकडून बोटाने तपासून घ्या. योगवर्गात मूलबंध शिकलेल्या बायकांना ही पकड लवकर सापडते. जोरजोरात कपालभाती मात्र गळती असेपर्यंत टाळावी, तिचा दाब खालीच येतो.

लघवी चालू असताना मध्येच थांबवून व्यायाम करायचा, हा सल्ला अजून फिरतो. पकड ओळखण्यापुरतं एकदा ठीक. रोज केलं तर पिशवी नीट रिकामी होण्याची सवय मोडते.

व्यायाम किमान तीन महिने करायचा. पंधरा दिवसांत सोडणाऱ्या बायकांची संख्या मोठी आहे आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण मुदत कुणी सांगितलेलीच नसते. याच्या जोडीला एक युक्ती पहिल्या आठवड्यापासून करता येते: शिंक येतेय असं वाटलं, हंडा किंवा सिलिंडर उचलायचा आहे, तर आधी आवळा आणि मग शिंका, मग उचला.

कळ येऊन सुटत असेल तर धावू नका. जागेवर थांबा किंवा बसा, पाच-सहा झटपट आकुंचनं करा, लाट ओसरली की चालत जा. लघवीला जाण्याच्या दोन वेळांमधलं अंतर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवा. किमान सहा आठवडे. ‘बाहेर पडायचंय, जाऊन येते’ म्हणून दर अर्ध्या तासाने रिकामी केलेली पिशवी थोड्याशा लघवीलाही कळ द्यायला शिकते. चहा दिवसाला पाच-सहा कप असेल तर दोनवर आणा, पाणी मात्र तोडू नका. पाणी तोडलं की लघवी दाट होते, जळजळते, बद्धकोष्ठ होतो आणि कळ वाढते. एसटीच्या प्रवासाआधी सकाळपासून घोटभरही पाणी न पिणाऱ्या बायकांना हे सांगताना मला संकोच वाटतो, कारण वाटेत जायला जागा नसते हे खरंच आहे. मुंबईत 2011 पासून ‘राइट टू पी’ चळवळ बायकांच्या मुताऱ्यांसाठी भांडतेय. हा प्रश्न आरोग्याचाच आहे.

याने भागलं नाही तर औषधं आहेत, पण ती कळ येण्याच्या प्रकाराला. सोलिफेनासिनने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो. काचबिंदू असेल तर आधी सांगा. मिराबेग्रॉन चालू असताना रक्तदाब मोजत राहायचा. परिणाम दिसायला चार आठवडे लागतात. वयस्कर माणसाला ऑक्सिब्युटिनिनने गोंधळल्यासारखं झालं तर ‘म्हातारपण’ म्हणून सोडू नका, गोळीची चौकशी करा. पाळी गेलेल्यांना योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम बऱ्याचदा उपयोगी पडतं. वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के कमी केल्यानेही गळती कमी होते. अंग बाहेर येत असेल तर आत बसवायची रिंग मिळते.

ऑपरेशन दाबाच्या गळतीवर चांगलं चालतं, पण प्रश्न विचारून करा. नळीखाली आधार देणारी पट्टी कृत्रिम जाळीची की स्वतःच्या शरीरातून घेतलेल्या ऊतींची? जाळीमुळे दुखणं किंवा जाळी बाहेर येणं घडू शकतं. इंग्लंडमध्ये जुलै 2018 मध्ये तिचा वापर त्यासाठीच थांबवला गेला. आणि कुणी गळतीवर उपाय म्हणून ‘पिशवी काढून टाका’ म्हणालं तर विचारा, कुठली आणि का. गर्भपिशवी काढल्याने लघवीची गळती थांबत नाही. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला. गरज नसताना हा अवयव काढणं किती सोपं झालंय, हे त्यातून दिसलं.

पुरुषांसाठी थोडक्यात. धार बारीक, थांबत-थांबत, रात्री उठावं लागणं, ही प्रोस्टेटची लक्षणं युरोलॉजिस्टला दाखवा. लघवी करून आल्यावर चड्डीत थेंब पडत असतील तर वृषणांच्या मागच्या बाजूला बोटांनी हलका दाब देत पुढे आणा, नळीत अडकलेले थेंब बाहेर पडतात. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर गळती होत असेल तर वर सांगितलेला व्यायाम पुरुषांनाही लागू आहे.

काही वेळा थांबायचंच नाही. लघवीतून रक्त, थंडी वाजून ताप, लघवी पूर्ण अडणं. बाळंतपणानंतर किंवा ऑपरेशननंतर दिवसरात्र अखंड ठिबकणं, कारण तिथे पिशवी आणि योनीमध्ये छिद्र पडलेलं असू शकतं. पाठदुखीबरोबर दोन मांड्यांमधली जागा बधिर होऊन लघवी-शौचाचा ताबा गेला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठं हॉस्पिटल गाठा.

तोवर पॅड वापरत असाल तर लघवीसाठीचे वेगळे मिळतात ते घ्या. पाळीचं पॅड घट्ट रक्तासाठी बनवलेलं असतं, पातळ लघवीची एकदम आलेली धार ते नीट शोषत नाही आणि कातडी ओली राहून सोलते. त्या जागी साबण आणि पावडर नको. पाण्याने धुवून, टिपून कोरडं करा आणि खोबरेल तेलाचा पातळ हात द्या.

तीन महिन्यांनी पुन्हा तीन दिवसांची नोंद करा आणि दुसऱ्या खेपेला दोन्ही पानं घेऊन जा. पहिल्या पानावर दिवसाला सहा वेळा सुटल्याची नोंद असेल आणि दुसऱ्यावर दोनदा, तर व्यायाम तसाच पुढे चालू ठेवायचा. फरक नसेल तर डॉक्टरांसमोर दोन्ही पानं ठेवून म्हणा, ‘मॅडम, हे केलं, आता पुढचं सांगा.’