गाडी सपाट जागी उभी करावी

गाडीबरोबर मिळणारी पुस्तिका ज्याने लिहिली, तो माणूस कोकणात कधी पाऊल ठेवून गेलेला नसणार. नाहीतर ‘मागच्या अ‍ॅक्सलचे तेल तपासताना गाडी सपाट जागी उभी करावी’ हे वाक्य त्याच्या हातून इतक्या सहज उतरलं नसतं. आमच्या वाडीत जमीन दोनच प्रकारची: चढाची आणि उताराची. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, हा एक तिसरा प्रकार आहे, पण तिथे गाडीचा प्रश्नच येत नाही, गुडघ्यांचा येतो.

आमची गाडी म्हणजे जुन्या मिनीबसमध्ये बांधून घेतलेलं घर. पलंग, ओटा, शेगडी, सिलिंडर, पाण्याची टाकी, आणि बायकोने ‘असू दे, लागतं’ म्हणून भरलेल्या, अजून एकदाही न लागलेल्या वस्तू. साधी बस निदान कधीतरी रिकामी धावते. ही गाडी उभी असतानाही भरलेलीच. हा सगळा संसार पेलणारा, मागच्या चाकांना जोडणारा मागचा अ‍ॅक्सल मात्र अतिशय अबोल. इंजिन ऑइलला पट्टी असते, डॅशबोर्डवर लाल दिवा असतो. पाणी तापलं तर काटा वर जातो. अ‍ॅक्सलच्या नशिबी दिवा नाही, काटा नाही, पट्टी नाही. आतलं तेल उतरलं तर तो आधी घाटात बारीक आवाजात गुणगुणतो. मग कण्हतो. आणि तो कण्हू लागला की मेस्त्री हसू लागतो.

तपासायची रीत ऐकाल तर थक्क व्हाल. हौजिंगला, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधल्या लोखंडी कवचाला, मागून एक प्लग असतो. तो खोलायचा, भोकात करंगळी वाकवून घालायची आणि तेल भोकाच्या खालच्या काठापर्यंत आहे का ते चाचपायचं. बस. माणूस चंद्रावर जाऊन आला, तरी डिफरन्शिअलच्या, म्हणजे त्या कवचातल्या चाकं फिरवणाऱ्या दातेरी चक्रांच्या, बाबतीत करंगळीच्या पुढे गेलेला नाही. फक्त गाडी सपाट हवी. नाक वर करून उभी असेल तर तेल मागे सरकतं आणि तळाला खडखडाट असूनही भोकातून ओघळतं. नाक खाली असेल तर भरल्या घरात उपास.

हे सगळं सुरू झालं ते दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरलो तेव्हा. भरतीचं पाणी उतरणीवर चढलेलं होतं आणि मागची चाकं त्यात बुडाली. फोनवर मेस्त्रीला हे सहज सांगितलं, तर तो एकदम गंभीर झाला. अ‍ॅक्सलच्या डोक्यावर ब्रीदर नावाची बोटाच्या पेराएवढी टोपी असते. घाटात तेल तापलं की आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. तापलेला अ‍ॅक्सल एकदम पाण्यात गेला की हवा आक्रसते, आणि ब्रीदरमधून, तेल अडवणाऱ्या रबरी सीलमधून खारं पाणी आत ओढून घेते. बरं, ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर पाण्याची वाट बंद, पण मग फुगलेली हवा सील ढकलून तेलच बाहेर काढते, आणि ते थेट ब्रेकच्या लायनरवर. म्हणजे टोपी उघडी असली तरी पंचाईत, बंद असली तरी पंचाईत.

तेव्हा सपाट जागा.

आमच्या अंगणाची चाचणी बायकोने घेतली. तिचं शास्त्र सोपं आहे: गाडीतल्या तव्यावर घावन घालायचं. एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला जाळीदार झालं की जागा नापास. अंगण नापास. ओहोटीची पुळण सपाट असते, पण तिथे जॅक वर जायच्या ऐवजी वाळू खाली जाते, आणि खाऱ्या पाण्याच्या भीतीने तेल तपासायला निघालेल्या माणसाने गाडी समुद्रात नेऊन उभी करावी हे शेजारच्या काकांनाही पटलं नाही. (काकांना कुठलीच गोष्ट पटत नाही, पण या वेळी त्यांचं बरोबर होतं.) देवळासमोरचं पटांगण उत्तम, फक्त तिथे पालखी नाचते. गुरवांनी परवानगी मानकऱ्यांना विचारा म्हटलं, मानकऱ्यांनी गावकीत विषय ठेवा म्हटलं. गावकीत विषय गेला की माझ्या नातवाच्या हयातीत तेल बघून होईल. शाळेच्या मैदानात अंडरआर्म क्रिकेटचे सामने. खरं सांगायचं तर कोकणात मोठी सपाट जागा दिसली की लोक तिथे विमानतळ बांधतात. २०२१ साली सुरू झालेला चिपीचा विमानतळ पाहा, तोही सड्यावर, म्हणजे उंचावरच्या सपाट कातळ पठारावरच आहे.

सडा! हे आधी कसं कुणी बोललं नाही?

रत्नागिरी-राजापूरकडचे जांभ्याचे सडे म्हणजे देवाने पाणसळ लावून केलेलं काम. पण तिथेही गाडी कुठेही लावता येत नाही. पायाखाली हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं असू शकतात. कशेळीच्या सड्यावर तर हत्तीच्या आकृतीच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. २०२२ पासून ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. तिथे माझ्या तेलाचा एक थेंब पडला असता तर गावकी परवडली असती. म्हणून आधी कातळावर एकही रेघ नाही अशी जागा चालत फिरून शोधली. मग काकांनी बरोबर आणलेल्या गवंड्याने पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत लेव्हलची नळी लावली, डोळा बारीक केला आणि म्हणाला, “घर बांधायचंय की फक्त बघायचंय?”

मी खाली शिरलो. पहिला नियम: खाली तेल सोडायचा प्लग असतो, त्याला हात लावण्याआधी वरचा भरायचा प्लग खोलून पाहायचा. तेल सोडून बसलात आणि वरचा प्लग उघडलाच नाही, तर गाडी तिथेच कातळशिल्प. खाऱ्या वाऱ्याने आमचा प्लग गंजून बसलेला. पान्याला पाईप लावला, काकांनी सूचना लावल्या, आणि कुठल्या कारणाने कोण जाणे, तो सुटला. आतून असा गंधकाचा भपकारा आला की सुके बांगडे विकून परतणाऱ्या मावशी लांबूनच नाकाला पदर लावून गेल्या. हा वास खराबीचा नव्हे. क्राऊन आणि पिनियन या आतल्या दोन चक्रांचे दात एकमेकांवर घसरत फिरतात, तो दाब साध्या तेलाला झेपत नाही, म्हणून त्यात गंधकाची द्रव्यं घालतात. मेस्त्रीच्या भाषेत ‘नव्वद नंबर’.

मेस्त्री कणकवलीहून फोनच्या स्पीकरवर होता. पाणी शिरलेलं तेल दूध घातलेल्या चहासारखं होतं, म्हणून त्याने त्याच्या पद्धतीने विचारलं, “चाय झाली काय ओ?”

डोक्यावरच्या ओट्यापाशी उभ्या बायकोने उत्तर दिलं, “झाली, झाली! आता गाळतेय.”

पलीकडे शांतता. मग, “संपला सगळा. हौजिंग खोलूक होया.” आणि तो बेअरिंग, सील, मजुरी असा हिशेब मांडू लागला. मी खालून ओरडतोय, काका मध्ये बोलताहेत, बायको विचारतेय, “त्यांना साखर किती?” शेवटी मी तेलाने माखलेली करंगळी फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरली. सोनेरी, स्वच्छ, काठोकाठ. त्याने हिशेब नाइलाजाने मागे घेतला. ब्रीदर तेवढा वाळू आणि ग्रीसने बुजलेला निघाला, तो डिझेलने धुतला. प्लगच्या लोहचुंबकावर लागलेली लोखंडाची बारीक पूड पुसताना काकांनी ऐकवलं की देवाच्या गोठण्याच्या सड्यावर होकायंत्राची सुईसुद्धा भरकटते, तेव्हा या पुडीवर विश्वास ठेवू नका. मी ठेवला.

एवढ्यात आंब्याच्या पेट्या पोचवून परतणारा एक टेम्पो थांबला. त्याच्या मागे जीप.

“काय बघताय?”

“अ‍ॅक्सलचं तेल.”

“करंगळी खराब झालीच आहे तुमची, तर आमचंही बघा ना.”

मी पुन्हा खाली शिरलो. बाहेर आलो तर रांगेत एक रिक्षाही. त्याला समजावलं की रिक्षाचं डिफरन्शिअल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं, असा वेगळा प्लगच नसतो तिला.

“म्हणजे मोठ्या गाड्यांचंच बघणार तुम्ही,” असं म्हणून तो चहा न घेताच गेला.