"सर, गोष्ट मस्त आहे, फक्त कपाचा भाग काढू या का?"

आज सकाळी फोन आला. तालुक्याला मागच्या आठवड्यात एक सलोख्याचा कार्यक्रम झाला. नागपूरहून मंडळी आली होती. प्रत्येकानं गावातली माणसं जोडणारी एक गोष्ट सांगायची, मग त्यांची पुस्तिका निघणार. मी मायची सांगितली. आता म्हणतात, कपामुळे ती 'नकारात्मक' होते.

बाप्पा! कप काढला तर उरते काय?

ज्यांनी ऐकली नाही त्यांच्यासाठी. मी चौथी-पाचवीत होतो. बाबा नागपूरला दवाखान्यात भरती. मृगाचा पाऊस पडून गेला, वापसा झाला आणि आमचं वावर तसंच पडून. भाऊबंद 'पाहू, पाहू' करत आपापलं पेरत होते. बौद्धपुऱ्यातले एक काका स्वतःची बैलजोडी आणि तिफण घेऊन आले. माय चाड्यावर मूठ धरून मागे चालली. पेरणी झाली, पैसे घेतले नाहीत.

इथपर्यंत सगळ्यांना आवडते. टाळ्याही इथंच पडल्या.

आता पुढचं. पेरणी करून आलेल्या त्या माणसाला आमच्या ओसरीत चहा मिळाला तो कोनाड्यात पालथ्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात. तो कप त्यांच्यासाठीच असायचा. पिऊन झाल्यावर काकांनी स्वतः विसळला आणि पालथा घातला. दुसऱ्या दिवशी माय सकाळचा चहा त्याच कपात घेऊन बसली. आजी म्हणाली, "काहून पेऊन राहिली वं त्या कपात?" माय म्हणाली, "च्या तं एकाच गंजातला हाय ना." गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. बस. भाषण नाही, भांडण नाही. रोज त्याच कपात. काका आले की त्यांना घरातला चांगला कप.

हे नकारात्मक?

कार्यक्रमात दहा-बारा जण बोलले. सगळ्यांची गोष्ट एकच. 'ते आमच्या घरी यायचे, आम्ही कधी भेद मानला नाही.' ते यायचे! अरे, तुम्ही कधी गेले? एकानंही सांगितलं नाही की मी त्यांच्या घरी गेलो, जेवलो, दुपारी तिथंच आडवा झालो. आपल्या सलोख्याचा रस्ता एकेरी आहे. ते पायरीपर्यंत येतात आणि आपण मोठे होतो.

आणि हे आपल्या जिल्ह्यात! वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ साली अस्पृश्यांना उघडं केलं. सेवाग्राम इथंच. तुकडोजी महाराजांची ग्रामगीता घराघरात कपड्यात बांधून ठेवलेली. गिरडच्या टेकडीवर बाबा फरीदच्या दर्ग्याला आपण सगळे चढतो, हिंदू काय अन् मुसलमान काय. खाली उतरलं की जो तो आपापल्या पुऱ्यात.

बरं, कार्यक्रम अगदीच वाया गेला असं नाही. पोरं-पोरी एका पंगतीत बसली, हे मान्य. तेवढंच.

शहरातल्यांनीही फार हसू नये. माझा भाचा नागपुरात खोली शोधून राहिला. घरमालकाचा पहिला प्रश्न भाड्याचा नाही, आडनावाचा. आमच्याकडे कप वेगळा, तुमच्याकडे अख्खी खोली.

असो. मायचं राहिलंच. त्या दिवाळीत ती मला घेऊन काकांच्या घरी जेवायला गेली, भर दिवसा, मुख्य रस्त्यानं. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. काकूनं ताट वाढलं आणि पाण्याचा गडवा हातात घेऊन उभीच राहिली. हळूच विचारलं, "पाणी चालते ना?" स्वतःच्या घरात, स्वतःच्या पाहुण्याला! माय म्हणाली, "भाजी तिखट झाली, आणा लवकर." काकू हसली ते मला अजून दिसते. मीही दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

गावात पंधरवडाभर कुजबुज झाली. चुलत आजोबांनी आमच्याकडे येणं सोडलं. बाबा दवाखान्यातून येऊन महिने झाले होते, ते काहीच बोलले नाहीत. ना बरं, ना वाईट. त्याचा राग मला मोठेपणी आला.

काकांचा पोरगा माझा वर्गमित्र. संध्याकाळी त्याला फोन केला. पुस्तिकेत त्याच्या बापाचा उल्लेख 'एक सहृदय शेजारी' असा आहे, हे सांगितलं. तो म्हणाला, "शेजारी कुठचे बे आम्ही? तुमचं घर तं दुसऱ्या टोकाले." मग म्हणाला, बापाचं नाव टाकायला सांग आणि कप राहू दे. आयोजकांना तसंच कळवलं. जमत नसेल तर गोष्ट वापस.

आता खाली कमेंटमध्ये 'आमच्या गावात असलं काही नव्हतं' लिहिणारे येतीलच. त्यांनी आधी एवढं सांगावं. तुमच्या गावच्या बौद्धपुऱ्यात शेवटचं कोणाच्या घरी जेवले, आणि भाजी कोणती होती?